कुठल्या देशाचं टेबल

माझ्या नाकावर राग असतो, हे आईपासून ऑफिसातल्या मॅनेजरपर्यंत सगळ्यांनी मला सांगून झालंय. असू दे. कॅनडातल्या एडमंटनच्या थंडीत तेवढाच काय तो उबारा. तर हा त्या रागाचाच एक प्रसंग, आणि तो राग अजून उतरलेला नाही.

आमच्या वस्तीत एक कम्युनिटी हॉल आहे. मागे स्केटिंगची रिंक, पुढे पार्किंग, आत एक लांबट खोली, भिंतीला टेकवून ठेवलेल्या फोल्डिंग खुर्च्या आणि छोटं स्वयंपाकघर. वस्तीतल्याच लोकांची एक कमिटी तो चालवते. मी त्या कमिटीत आहे. अध्यक्ष एक गोऱ्या बाई आहेत, निवृत्त शिक्षिका, स्वभावानं खरंच गोड. आपल्याकडचे एक गृहस्थ आहेत, निवृत्त इंजिनिअर. इथल्या मराठी मंडळात सगळे त्यांना काका म्हणतात म्हणून मीही म्हणते. आणि आजी आहे.

आजी म्हणजे माझ्या दोन घरं पलीकडे राहणारी, ऐंशी ओलांडलेली कृष्णवर्णीय बाई. तोंडावर मी तिला नावानंच हाक मारते, इथली रीतच तशी; मनात मात्र ती आजी. तिचे आजोबा-आजी अमेरिकेतल्या ओक्लाहोमामधून इथे अल्बर्टा प्रांताच्या उत्तर भागात आले आणि जंगल तोडून त्यांनी शेती उभी केली. त्याला आता शंभराहून जास्त वर्षं झाली. अशा लोकांना येऊ देऊ नका, म्हणून याच शहरात सह्या गोळा झाल्या होत्या. हे मला माझ्या मुलीच्या शाळेच्या पुस्तकातून कळलं नाही. इतकी वर्षं इथल्या सरकारी नोकरीत काढून कळलं नाही. कळलं ते आजीच्या फेब्रुवारीतल्या संध्याकाळी.

फेब्रुवारी हा इथे कृष्णवर्णीयांच्या इतिहासाचा महिना. ऑफिसात लिफ्टजवळ एक पोस्टर लागतं, मॅनेजरची एक ईमेल येते आणि एक मार्चला पोस्टर उतरतं. आजीचं तसं नसे. महिन्यातल्या एका शनिवारी ती हॉल घ्यायची. भिंतीशी जुने फोटो मांडायची, चवळीचं मोठं भांडं शिजवून आणायची, सोबत मक्याचा पाव. हो, आपलीच चवळी. पहिल्यांदा पाहिली तेव्हा मी इतकी खूश झाले की दोनदा वाढून घेतली.

तिची एक रीत होती. जेवणाआधी हॉलमधल्या प्रत्येकानं उभं राहून आपल्या घरातलं पहिलं कोण, ते सांगायचं. पहिली विहीर कोणी खणली, रेल्वेत पोर्टर म्हणून पहिला कोण लागला, शहरात पहिलं घर कोणी घेतलं आणि त्याआधी घरमालकांनी कितीदा तोंडावर दार आपटलं. पाहुण्यालाही सूट नव्हती. पहिल्या वर्षी माझी पाळी आली तेव्हा मी आईबद्दल बोलले. आमच्या घरातली ती पहिली नर्स. वॉर्डात पेशंट तिला आधी आडनाव विचारायचे आणि मग दंड पुढे करायचा की नाही ते ठरवायचे. एकदा एका बाईनं दंड मागे घेतला, तेव्हा आई म्हणाली होती, "ताप तुमचा आहे, मला घाई नाही." हे मी मराठी मंडळात कधी बोलले नव्हते. तिथे कुणी विचारलंच नव्हतं. इथे अख्खा हॉल टाळ्या वाजवत होता, आणि आजीनं माझ्या ताटात तिसऱ्यांदा चवळी वाढली.

तर मागच्या नोव्हेंबरात कमिटीची मीटिंग होती. विषय निघाला की फेब्रुवारीच्या शनिवारी रिंकवर गर्दी असते, पोरांना स्केट्स बांधायला आत जागा लागते, मग आजीचा कार्यक्रम जूनमधल्या मल्टिकल्चरल डेला जोडावा. हवा चांगली असते, लोक जास्त येतील. अध्यक्षबाई हे इतक्या मायेनं सांगत होत्या की जणू आजीला बढतीच मिळत होती.

जूनच्या त्या दिवसाबद्दल सांगायला हवं. हॉलमध्ये देशोदेशींची टेबलं लागतात. प्रत्येक टेबलावर त्या देशाचा झेंडा आणि खाण्याचा एखादा पदार्थ. पोरांच्या हातात खोटे पासपोर्ट असतात. या टेबलावरून त्या टेबलावर जायचं, सामोसा खायचा, शिक्का मारून घ्यायचा. गंमत असते, नाही असं नाही.

अध्यक्षबाईंनी आजीला विचारलं, "तुमच्या टेबलावर कुठला झेंडा लावू या?"

आजी म्हणाली, "अल्बर्टाचा."

सगळे हसले. त्यांना वाटलं विनोद झाला. आजी हसली नाही. तेव्हा अध्यक्षबाई गोंधळल्या आणि म्हणाल्या, "पण अल्बर्टाचं टेबल नसतं ना. म्हणजे, अल्बर्टा तर आपण सगळेच."

अध्यक्षबाईंचे आईवडील युरोपातून महायुद्धानंतर आले. त्यांचं टेबल आहे, झेंडा आहे, बटाट्याची कसली तरी पॅनकेक्स असतात. मला येऊन अजून तीस वर्षंही झाली नाहीत. माझं टेबल आहे. या खोलीत सगळ्यांत आधी जिचं घर या मातीत रुजलं त्या बाईला मात्र विचारताहेत, तू कुठली? माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली.

मी बोलायला तोंड उघडणार, एवढ्यात काकांनीच घसा साफ केला. इंग्रजीत म्हणाले, "इतिहास सगळ्यांचा एकच असतो. वेगळा महिना कशाला? उद्या प्रत्येक जण महिना मागेल." आणि मग माझ्याकडे वळून हळूच मराठीत, "ताई, आपण कशाला यात पडायचं? लेट देम सॉर्ट इट आउट."

उचलली जीभ लावली टाळ्याला! आणि हे वाक्य माझ्या ओळखीचं होतं. याच माणसाच्या तोंडून ऐकलेलं. काही वर्षांपूर्वी आम्ही बौद्ध मंडळींनी मराठी मंडळाकडे मागणी केली होती की एप्रिलातली जयंती मंडळाच्या वर्षाच्या कार्यक्रमांत घ्या. गणपती आहे, दिवाळी आहे, कोजागिरी आहे, तशी तीही असू दे. तेव्हा काका कार्यकारिणीत होते. म्हणाले, "आपण सगळे मराठीच ना? मग वेगळं कशाला? पाडव्याच्या कार्यक्रमातच फोटो ठेवू की." ठेवला. निळ्या कोटातला तो फोटो बाहेर पॅसेजमध्ये, चहाच्या थर्मासशेजारी. माझं लक्ष गेलं तेव्हा त्याच्यासमोर कागदी कपांची चळत होती आणि फ्रेमच्या कोपऱ्यावर कुणाची तरी टोपी. आत नांदी चालू होती. मी टोपी काढून जमिनीवर ठेवली, फोटो काखेत मारला आणि घरी आले. तेव्हापासून आमची जयंती माझ्या बेसमेंटमध्ये होते. पन्नास माणसं, खीर, वंदना, पोरांची भाषणं, सगळं वॉशिंग मशीनच्या शेजारी.

"सगळ्यांचा एकच" म्हणणाऱ्यांचा हा एकच इतिहास कधी उघडून बघा. त्यात ते असतात, त्यांचे आजोबा असतात, आणि उरलेल्यांसाठी पॅसेज असतो. मी मीटिंगमध्ये हे म्हणाले. आवाज चढलाच माझा. वेगळा महिना कशाला म्हणणारे एक दिवससुद्धा साजरा करत नाहीत, हेही म्हणाले. अध्यक्षबाईंचे डोळे पाणावले. मी त्यांना दुखवलं होतं. मला त्याचं फार वाईट वाटलं नाही. मतदान झालं. आजीच्या बाजूनं दोन हात वर गेले, एक तिचा आणि एक माझा.

घरी जेवताना मी अजून धुसफुसत होते. मुलगी युनिव्हर्सिटीत आहे, तिला सगळं माहीत असतं. ती म्हणाली, "बट आई, इट्स काइंड ऑफ परफॉर्मेटिव्ह, नो? वन मंथ ऑफ पोस्टर्स, अँड देन नथिंग." पोस्टरच्या देखाव्याबद्दल तिचं खरंच होतं, म्हणून मला जास्तच राग आला. मी म्हटलं, "तुझा वाढदिवस वर्षातून एकदाच करते, म्हणजे उरलेलं वर्ष तू मला नकोशी असतेस का? पोस्टर वाईट असेल तर चांगलं काही तरी करा. दिवसच कशाला काढून घेता?" ती म्हणाली, "ओके, फेअर," आणि भात वाढून घेतला.

दुसऱ्या दिवशी मी आजीकडे गेले. मोठ्या उत्साहानं म्हटलं, "हॉल गेला तर गेला. माझं बेसमेंट आहे. आम्ही आमची जयंती तिथेच करतो, छान होते."

आजीनं केटल खाली ठेवली. म्हणाली, "तू चांगली आहेस. पण नाही."

"का? जागा भरपूर आहे."

"जागेचं नाही. त्या हॉलचा पाया खणला तेव्हा माझा नवरा फावडं घेऊन तिथे होता. मी बेसमेंटमध्ये केलं तर सगळे खूश होतील. कार्यक्रमही झाला आणि कुणाला दिसलाही नाही." मग चहा ओतत तिनं सहज विचारलं, "तुम्हाला बेसमेंटमध्ये करायला कोणी सांगितलं?"

मी आठवून पाहिलं. कोणीच सांगितलं नव्हतं. मी रागानं फोटो उचलून आणला होता आणि इतकी वर्षं समजत होते की मी त्यांना धडा शिकवला. त्यांना कसला धडा? त्यांची तर डोकेदुखीच गेली. मी भयंकर चिडले, आणि या वेळी काकांवर नाही.

फेब्रुवारीत तो शनिवार आला. उणे अठ्ठावीस. गाडीला रात्रभर इंजिन गरम ठेवणारा ब्लॉक हीटर लावून ठेवला होता तेव्हा ती सुरू झाली. आजी म्हणाली होती, "शनिवारी हॉल मेंबरांना उघडा असतो. मी मेंबर आहे. मी जाऊन बसणार." चवळीचं भांडं मी मांडीवर धरलं, गाडी मुलीनं चालवली आणि आजी फोटोंची पिशवी घेऊन पुढे बसली.

आत हॉकीच्या बॅगांचा खच पडलेला, ओल्या मोज्यांचा वास, पोरं बाकांवर बसून स्केट्स बांधताहेत. आजीनं मधोमध एक टेबल उघडलं, फोटो मांडले आणि कोट न काढताच खुर्चीवर बसली. तिची माणसं एकेक करून आली. म्हातारे, तान्ही मुलं घेतलेल्या सुना, सगळी जाडजूड पार्का कोटांत गुंडाळलेली. हॉकीच्या बॅगा पायानं बाजूला सारून ती सगळी उभी राहिली. आणि रीत सुरू झाली. माझी पणजी, तिनं पहिली विहीर खणली. माझे वडील, पहिले बस ड्रायव्हर. पोरं स्केट्सच्या नाड्या हातात धरून ऐकत होती. एक बाप चवळीची वाटी घेऊन फोटोंपाशी आला, लाकडी घरासमोर उभ्या माणसांकडे बघून म्हणाला, "वा. हे कुठल्या देशातलं?"

"इथून उत्तरेला," आजी म्हणाली. "तुझ्या ट्रकनं दोन-अडीच तास."

त्यानं वाटी टेबलावर ठेवली. मग त्यानं आपल्या मुलाला हाक मारली आणि फोटो दाखवला. त्या दिवशी रिंकवर पोरं उशिरा उतरली आणि कुणाचंही काही बिघडलं नाही. अध्यक्षबाई दारात येऊन गेल्या. आत आल्या नाहीत, पण दिवेही बंद केले नाहीत.

मार्चच्या मीटिंगमध्ये मी एप्रिलातल्या एका शनिवारसाठी हॉल मागितला. जयंतीसाठी. कशाची, कुणाची, हे सगळं समजावून सांगितलं. आईच्या वॉर्डापासून पॅसेजमधल्या थर्मासपर्यंत. काका पेन खाली ठेवून म्हणाले, "पण ताई, तुमचं बेसमेंटमध्ये छान होतं की. आणि जूनमध्ये इंडियाचं टेबल आहेच. वेगळं कशाला?"

"वेगळं नाही, काका," मी मराठीतच म्हटलं. "वर. बेसमेंटमधून वर. तुम्हीही या. नुसतं जेवायला नका येऊ, सुरुवातीपासून बसा. तुमच्या घरातलं पहिलं कोण, तेही सांगा."

अध्यक्षबाईंनी मतं मागितली. पहिला हात आजीचा गेला, ताठ, शाळेतल्या मुलीसारखा. मग माझा. मग अध्यक्षबाईंचा, जरा अडखळत. एकेक करून सगळ्यांचे. काकांचा हात मात्र टेबलाखालीच होता. एका मतानं आता काही अडणार नव्हतं, सेक्रेटरीनं लिहायलाही घेतलं होतं.

मी म्हटलं, "थांबा." आणि काकांकडे बघत राहिले, तो हात वर येईपर्यंत.