आत्या बाजेवर बसलीच नाही

आत्या गेल्याचा निरोप घेऊन गंगाखेडहून माणूस आला तेव्हा मी आधी विचारलं, "खाली निजली होती का?" तो गोंधळला. म्हणाला, "व्हय ताई, भुईवरच. बाजेवर घेतो म्हणलं, तर मान हलवली त्यांनी." ऐकून बरं वाटलं. शेवटपर्यंत हट्ट सोडला नाही बाईनं.

सोनाआत्या माझ्या वडिलांची थोरली बहीण. लवकर विधवा होऊन माहेरी आली, तेव्हा आजोबांनी गोदावरीकाठचा, आमच्या बोलीत गंगेकाठचा, एक तुकडा तिला कसायला दिला. त्याच्या कडेला बाभळींचं दाट बन होतं, मुळं थेट पाण्यात उतरलेली. फांद्यांना सुगरणींचे खोपे लोंबायचे, मुळांच्या आडोशाला मासे अंडी घालायचे. त्या दिवसांत तिथं कुणी जाळं टाकलं तर आत्या त्याला फैलावर घ्यायची. शेंगा शेळ्यांना आणि डिंक गावातल्या बाळंतिणींना. तिच्या डिंकाचे लाडू खाल्ले नाहीत अशी आई आमच्या गावात शोधून सापडली नसती.

निजामाच्या राज्याचा तो शेवटचा उन्हाळा. नदीपलीकडून धाड येणार, अशी रोज नवी आवई उठे. बाभळींच्या आडून येतील, दिसणारही नाहीत... म्हणून चावडीवर ठरलं, बन तोडायचं. आत्या तिथं जाऊन उभी राहिली. "धाड येईल का न्हाई, ठावं न्हाई. गंगा तर दर साली येतीया. तिला कोण अडवणार?" बाईमाणसाला काय कळतंय, म्हणून सगळे हसले. कुऱ्हाडी घेऊन निघालेल्यांत माझे वडीलही होते.

धाड आली नाही. पावसाळ्यात सुगरणी आल्या, घिरट्या घालून निघून गेल्या. मग पूर आला. मुळांनी धरलेला काठ ढासळला आणि आत्याचं शेत नदीत गेलं. आणि आमचं शहाणं गाव! गंगामाय कोपली म्हणून साडीचोळी घेऊन तिची ओटी भरायला निघालं. आत्या दारातूनच कडाडली, "तिला कशाला बोल लावायलाव? कुऱ्हाड तिनं मारली व्हय?"

वडिलांनी त्याच तोडलेल्या बाभळींच्या लाकडाची बाज करून घेतली, खास बहिणीसाठी. मन खात असावं त्यांचं. आत्या भावाला जेवू घालायची, त्याच्या दुखण्याखुपण्यात रात्ररात्र जागायची, पण त्या बाजेवर कधी टेकली नाही. जन्मभर घोंगडी अंथरून भुईवर निजली.

तेराव्याला गावातली जुनी माणसं आली. बन तोडणाऱ्यांपैकी एकच म्हातारे आता उरलेत. ते बाजेवर ऐसपैस बसले. "गंगामायनं लय वाईट केलं बाईचं," म्हणाले. मग बाजेच्या पायावरून हात फिरवत, "लाकूड मातर नामी हाय. कुठलं गं पोरी?"

"तुमीच तोडलेलं," मी म्हणाले.

"हां हां..." म्हातारे म्हणाले, आणि पाय वर घेऊन नीट मांडी घालून बसले.

कोपऱ्यात आत्याची घोंगडी घडी करून ठेवली होती. ती मी अंथरली आणि खाली बसले.