बद्द घुंगरू

आमच्या संगमनेरात एक अख्खं वर्ष गाण्याचं होतं. 'शहराचं सांस्कृतिक वर्ष' असं त्याचं भारदस्त नाव. ते भरवणाऱ्या समितीत आम्ही नुसतं 'वर्ष' म्हणायचो. दर महिन्याला एक संगीत महोत्सव, तोही नव्या जागी आणि नव्या रीतीचा. एकदा दुधाच्या रिकाम्या कॅनवर ताल धरला, एकदा बसस्टँडवर गाडीची वाट बघणाऱ्यांनाच गायला लावलं. ते दिवस आठवले की अजूनही आपण धुक्यातून चालतोय असं वाटतं. हिवाळ्यातला महोत्सव ठरला बैलांच्या घुंगरमाळांचा, सकाळी उजाडता उजाडता, प्रवरेच्या घाटावर.

माळा जमवायचं काम माझ्याकडे आलं, कारण समितीत उसाच्या गावातली मी एकटीच. आमच्या वस्तीवरच्या बैलगाड्या कधीच गेल्या, ट्रॅक्टर आले. पण माळा घरोघर खुंटीला होत्या. चाळीसेक मिळाल्या. शेवटी दादांकडे गेले. दादा म्हणजे माझे वडील. उमेदीची सगळी वर्षं त्यांनी बैलगाडीतून साखर कारखान्यावर ऊस वाहिला. आई जाऊन चार वर्षं झाली, तेव्हापासून त्यांनी आपल्या माळेला कुणाला हात लावू दिला नव्हता. मी नकार ऐकायच्या तयारीनंच गेले होते. त्यांनी माळ खाली काढली, धोतराच्या सोग्यानं पुसली आणि विचारलं, "लांबून आयकू यील का?"

"स्पीकर आहेत दादा. पार पुलापर्यंत ऐकू येईल."

"मंग ने. पन मला लांब बसू दे."

म्हाताऱ्या माणसाचा हट्ट, म्हणून मी सोडून दिलं.

संगीतकार पुण्याहून आले होते. माणूस गुणी होता. सगळ्या माळा उसवून एकेक घुंगरू कानाशी वाजवायचं, सूर ओळखायचा आणि त्या सुराच्या ढिगात टाकायचं, असं आमचं दोन दिवस चाललं. गंमत म्हणजे प्रत्येक माळेत एक घुंगरू टिचलेलं निघायचं. त्याचा आवाज बद्द, मडकं फुटल्यासारखा. "एवढ्या माळा, आणि प्रत्येकीत एक फुटकं कसं?" ते हसले. मला उगाचच लाज वाटली. "गावाकडे कोण बघतंय एवढं," असं म्हणून मीही हसले आणि ती सगळी घुंगरं माझ्या हातानं बिस्किटांच्या रिकाम्या डब्यात टाकली. त्या हसण्याचा मला आजही राग येतो.

महोत्सवाच्या दिवशी नदीवर इतकं धुकं होतं की पलीकडचा काठ नव्हताच. दादांसाठी मी पहिल्या रांगेत खुर्ची धरली होती. ते शाल गुंडाळून थेट लांब वाळूत जाऊन बसले. समितीतल्या बाईचे वडील असे, म्हणून मी चिडले. चहाचा थर्मास त्यांच्याजवळ आपटूनच ठेवला आणि परत आले.

आणि मग घुंगरं वाजू लागली. आधी एक सूर, मग त्यावर दुसरा, मग पाण्यावरूनच कुणी चालत येतंय असा सगळा घाट भरून गेला. मी डोळे मिटले. लहानपणी गोधडीत असताना असंच काहीतरी झोपेत ऐकू यायचं आणि पाठोपाठ चहाचा वास. दादांची गाडी दारात यायच्या आधीच आई चहा कशी टाकते, हे मला तेव्हा कोडं होतं. शेवटचा सूर धुक्यात विरला आणि टाळ्या पडल्या. शहरातली माणसं उठली. आमच्या वस्तीवरची मात्र बसूनच होती, अजून काही व्हायचं असल्यासारखी.

मी दादांकडे गेले. "कसं झालं?"

"ग्वाड हुतं," ते म्हणाले. "पन आपली कवा वाजायची?"

"वाजली की, दादा. त्यातच होती."

"न्हाई. बद्द घुंगरू कुटं वाजलं?"

मला बिस्किटांचा डबा आठवला. ते सांगत राहिले, "कारखान्यावरनं रिकाम्या गाड्या तांबडं फुटता येका रांगेत यायच्या. समद्या माळा सारख्याच. आपली गाडी घरात कळावी म्हनून परत्येकानं येक घुंगरू दगडानं टिचवून ववायचं. ज्याचं त्याचं निराळं वाजायचं. तुजी आई ते लांबून वळखायची अन् चहा टाकायची." त्यांनी शाल ओढून घेतली. "मी सदा गाडीत. तिला कसं आयकू येत आसंल, ते मला कदीच आयकाया मिळालं न्हाई. म्हनून म्हनलं, आज लांब बसावं."

मी वाळूतून पळतच गेले आणि तो डबा घेऊन आले. डबा बघून वस्तीवरची माणसंही भोवती जमली. दादांनी एकेक घुंगरू कानाशी हलवलं. "ह्ये न्हाई… ह्ये बी न्हाई…" सातव्या की आठव्याला त्यांचा हात थांबला. मी ते काढून घेतलं आणि पुलाच्या बाजूला चालू लागले. मागं वळून पाहिलं तेव्हा दादा धुक्यात दिसेनासे झाले होते.

तिथून मी परत फिरले, थकल्या बैलाच्या चालीनं, दर पावलाला घुंगरू हलवत. माळ नव्हती, नुसतं ते एक बद्द घुंगरू. मला रडू येत होतं, पण चाल मोडू दिली नाही. हळूहळू शाल दिसली, मग दादा दिसले.

थर्मासच्या झाकणात चहा ओतून ते तयार बसले होते.