रत्नपालचा चढता आकडा

चिटगुप्प्याच्या बाजारात तुरीच्या ढिगाजवळ उभा राहून लिलाव पुकारणारा रत्नपाल हा माझा जुना विद्यार्थी. आवाज असा की त्याला भोंगा लागत नाही. व्यापाऱ्याने आकडा उच्चारला की हा पुढचा आकडा ओरडतो, आणि शेतकऱ्याच्या पदरात थोडं जास्त पडतं. अडचण एवढीच की घरीही हे थांबत नाही. बायकोने, राजश्रीने, "दोन भाकरी वाढू का?" विचारलं की हा "तीन!" म्हणतो आणि मग मुकाट्याने तीन खातो.

भाकरीपर्यंत ठीक होतं. पण त्याची लेक प्रेरणा कलबुर्गीला होस्टेलवर राहून बारावी करते. तिने फोनवर आनंदाने सांगितलं, "अप्पा, चाचणीत ब्याऐंशी टक्के पडले."

"पंच्याऐंशी! नव्वद!" हा ओरडला.

तिने फोन ठेवला. तेव्हापासून ती आईशीच बोलते. आईने फोन याच्याकडे दिला की तिकडून, "मला अभ्यास हाय."

रत्नपाल संध्याकाळी "जयभीम सर" म्हणत माझ्याकडे यायचा आणि नुसता बसून राहायचा. शेवटी राजश्रीनेच वाट काढली. ती अंगणवाडीत आहे. एका प्रशिक्षणात तिला लातूरच्या समुपदेशक विजयश्री मॅडमचा नंबर मिळाला होता. त्या व्हिडिओ कॉलवर बोलतात. रत्नपालची अट एकच, सर सोबत पाहिजेत. सौद्याला तिसरा माणूस साक्षीला लागतो, असं त्याचं म्हणणं.

"तुमच्याजवळ कुणी आहे का?" मॅडमनी आधी तेच विचारलं.

"कोन न्हाई मॅडम. फकस्त सर हायत."

मी उठू लागलो, तर त्याने माझा सदरा धरला. तुमची हरकत नसेल तर बसू द्या, असं म्हणून मॅडमनी पुढे विचारलं, "ताण किती वाटतो? दहापैकी सांगा."

"पाच." जरा थांबून, "सहा. सात. आठ!"

"दहाच्या पुढे जाऊ नका," मॅडम म्हणाल्या. "मला सांगा, प्रेरणाचा आकडा ऐकला तेव्हा मनात पहिला विचार काय आला?"

"समोरचा कमी सांगायलाय."

"कशावरून?"

"अवो मॅडम, बाजारात पहिल्या बोलीला खरा भाव कोन सांगतंय?"

"बरोबर. पण प्रेरणा तुमच्याशी सौदा करत होती का?"

रत्नपालने माझ्याकडे पाहिलं. मी छताकडे पाहिलं. मग तो म्हणाला, "न्हाई. ती सांगत होती."

मॅडमनी अभ्यास दिला: आकडा ऐकायचा, श्वास घ्यायचा आणि फक्त "मग?" एवढंच म्हणायचं. सराव माझ्या ओसरीवर सुरू झाला. मी "बासष्ट" म्हणालो की त्याच्या मानेची शीर तट्ट फुगायची. एकदा तोंडात पाणी धरून बसला; मी "अठ्ठ्याण्णव" म्हटलं आणि माझा सदरा भिजला.

नंतरच्या रविवारी मी त्यांच्या घरी चहाला बसलो होतो, तेव्हा प्रेरणाचा फोन आला. राजश्रीचे हात पिठात होते, म्हणून तिने फोन स्पीकरवर टाकायला लावला.

"दुसऱ्या चाचणीचा निकाल अप्पालाच सांग की," राजश्री म्हणाली.

"कामून? पुन्ना चढवायला?"

"सांग तर."

"एकाहत्तर. उतरले."

रत्नपालने माझं मनगट असं आवळलं की माझ्या बशीतला चहा सांडला. ओठ हलले. त्याने श्वास घेतला.

"अप्पा? लाईन कटली का?"

"न्हाई बाळ. हाय की. मग?"

मग ती बोलू लागली. भौतिकशास्त्राचे सर भराभर इंग्रजीत शिकवतात, विचारायला लाज वाटते, पेपरात दोन गणितं तशीच सोडली, आणि हे घरी कुणाला सांगावं तेच कळत नव्हतं. रत्नपाल मधूनमधून "व्हय" म्हणत होता, डोळे पुशीत होता आणि पुन्हा "मग?" म्हणत होता.

राजश्री भाकरी थापता थापता माझ्याकडे वळून म्हणाली, "बघा सर, लगीन झाल्यापासून मला एकदा तरी 'मग?' म्हनले असतील तर!"

रत्नपालने हातानेच तिला गप्प केलं आणि फोन कानाजवळ ओढला. लेक अजून बोलत होती.