सोमवारचा रकाना

माझं पोट बिघडलं तेव्हा मी नुकती चाळिशी ओलांडली होती. बिघडलं म्हणजे किती, तर दिवसातून आठ-दहा वेळा. ऐंशीनंतरची गोष्ट. आम्ही भिवपुरीला वीजघराच्या क्वार्टर्समध्ये राहत होतो आणि मी शेजारच्या गावातल्या शाळेत चौथीचा वर्ग घेत होते. शाळेला संडास नव्हता. कळ आली की मी मुलांना “पाढे म्हणा रे” असं सांगून मागच्या घराकडे धूम ठोकायची. मुलं एकोणतीसच्या पाढ्यापर्यंत पोचत तेव्हा मी परत यायची. त्या वर्षी तपासणीला आलेले साहेब आमच्या वर्गाच्या पाढ्यांवर बेहद्द खूश झाले. श्रेय माझ्या आतड्याचं होतं, पण ते त्यांना कसं सांगणार?

वर्षभर आव, जंत, उष्णता अशा सगळ्यांची औषधं घेऊन झाली. शेवटी मुंबईला मोठ्या हॉस्पिटलात नळी घालून आतडं बघितलं. डॉक्टर म्हणाले, “डोळ्यांना तर आतडं अगदी निरोगी दिसतंय.” मला वाटलं, झालं, आता हे लोक मला वेड्यात काढणार. पण त्यांनी आतड्याचा कणभर तुकडा काढून सूक्ष्मदर्शकाखाली ठेवला होता आणि तिथे सूज सापडली. हा आजार आम्हीही आत्ताआत्ताच ओळखायला लागलोय, असं ते म्हणाले. घरी येऊन मी हे सासूबाईंना सांगितलं.

“दिसत नाय, तर हाय कशावरनं?” त्यांनी विचारलं.

सासूबाई खालापूरकडच्या, भातशेतीवाल्या घरच्या. मी घाटावरची, भाकरीवर वाढलेली. लग्न होऊन आले तेव्हा मी एकदा म्हणून गेले होते की भाताने काही पोट भरत नाही. ते वाक्य त्यांनी एकोणीस वर्षं जपून ठेवलं होतं. आमचं भांडण असं कधी झालं नाही, पण त्या मला ‘मास्तरीणबाई’ म्हणायच्या आणि मी त्यांच्याशी जेवढ्यास तेवढं बोलायचे. एका घरात राहून आम्ही दोन शेजारणी होतो.

डॉक्टरांनी स्टेरॉइडच्या आठ गोळ्या सुरू केल्या. त्या एकदम सोडायच्या नाहीत, पंधरा दिवसांनी एक-एक कमी करत जायचं. मध्ये त्रास उलटला तर पुन्हा आठवर. शिवाय खाण्याचं पथ्य. दूध-दही, चहा, तिखट, तळलेलं, दाणे, डाळी, कडधान्यं बंद. मऊ भात खा, मग एकेक पदार्थ वाढवून बघा आणि सगळं लिहून ठेवा, असं त्यांनी सांगितलं.

‘लिहून ठेवा’ हे ऐकून माझ्या नवऱ्याचे डोळे चमकले. ते वीजघरात ऑपरेटर. दर तासाला मशीनपुढे जाऊन आकडे बघायचे आणि तक्त्यात भरायचे, यात त्यांची वीस वर्षं गेली होती. त्यांनी जुन्या कॅलेंडरांच्या मागच्या बाजूला रकाने आखून स्वयंपाकघराच्या भिंतीवर तक्ता लावला. काय खाल्लं ते निळ्या शाईने, गोळ्या किती ते हिरव्या, आणि मी संडासला जाऊन आले की लाल पेन्सिलीची एक रेघ. मी बाहेर आले की हे पेन्सिल घेऊन उभेच. पहिल्या आठवड्यात मी चिडून पेन्सिल खिडकीबाहेर भिरकावली, तर ह्यांनी दुसरी आणली.

पण गोळ्या लागू पडल्या. डिसेंबरात आठाच्या सात झाल्या, मग सहा. लाल रेघा दिवसाला एक-दोनवर आल्या. पथ्याचा एकच परिणाम वाईट झाला, सासूबाईंना भलता आनंद झाला. “आता कसं भातानं पोट भरतंय गं?” असं विचारून त्या मला मऊ भात वाढायच्या, आणि मी निमूट गिळायचे.

मला त्या गोळ्या नकोशा झाल्या होत्या. त्यांनी झोप उडवली आणि तोंड सुजवलं. क्वार्टर्समधल्या बायका म्हणत, “तब्येत सुधारली हो तुमची!” आणि मला आरशात कोणीतरी तिसरीच बाई दिसे. हे तोंड घेऊन फळ्यासमोर उभं राहायची लाज वाटायची. जूनमध्ये शाळा उघडेल तेव्हा एकही गोळी पोटात नको, एवढंच मी मनाशी धरलं होतं.

संक्रांतीच्या सुमारास सासूबाई गावी जाऊन आल्या. आल्या त्या थेट माझ्यासमोर उभ्या राहिल्या.

“म्हादेवाला बोलले मी. तुझ्या गोळ्या सुटंस्तवर सोमवार करायचे. मीबी करनार, तूबी करायचेस.”

एकोणीस वर्षांत त्या माझ्यासाठी देवाकडे काही मागतील असं मला वाटलं नव्हतं. मला एकदम भरून आलं. मी हो म्हटलं.

तेव्हापासून सोमवारी स्वयंपाकघर त्यांचं. आदल्या संध्याकाळी साबुदाणा भिजायचा. सकाळी दाणे भाजून, खलबत्त्यात कुटून, सढळ हाताने तूप आणि हिरव्या मिरच्या घालून खिचडी व्हायची. सोबत रताळ्याचा कीस, दही आणि दाण्याचा लाडू. दिवेलागणीला मऊ भाताने उपवास सोडायचा. मी शाळेत डबा न्यायची तो बोटं चाटून संपवायची. त्या गोळ्यांनी भूकही राक्षसासारखी लागायची.

आणि मंगळवार बिघडायला लागला. चार रेघा, सहा रेघा, सात. गोळ्या दोनवर येऊन अडकल्या. हॉस्पिटलात डॉक्टरांनी तक्ता टेबलावर पसरला आणि कपाळाला आठ्या घातल्या.

“मंगळवारी काय होतं? सोमवारी काय खाता?”

“सोमवारी काही नाही, उपवास असतो,” मी म्हणाले. सोमवारच्या रकान्यात ह्यांनी सुवाच्य अक्षरात ‘उपवास’ लिहिलेलंच होतं.

डॉक्टर आपल्यातलेच, स्वतः गुरुवार करणारे. त्यांनीही मान डोलावली. “म्हणजे सोमवारी पोटाला विश्रांतीच मिळते. मग गडबड रविवारची.” रविवारच्या रकान्यात होता मासा. हळद-मीठ लावून नुसता वाफवलेला, महिनाभरापूर्वी सुरू केलेला निरुपद्रवी मासा. तो बंद झाला. माझ्यामुळे घरातला सगळाच मासा बंद झाला आणि आमच्या ह्यांनी सुतक पाळल्यासारखं तोंड केलं. मंगळवार काही सुधारला नाही. चोर सोडून संन्याशाला फाशी म्हणतात ते असं. महिन्याभरात फरक पडला नाही तर पुन्हा आठ गोळ्या, असं डॉक्टरांनी बजावलं होतं.

शिमगा झाला. धुळवड सोमवारी आली, म्हणून मी घरी होते. दुपारी ताट पुढ्यात घेऊन बसले. सासूबाईंनी दुसऱ्यांदा खिचडी वाढली, वर दही घातलं आणि त्या पाणी भरायला बाहेर गेल्या. हे भिंतीशी उभे राहून तक्ता भरत होते.

“काय लिहिलंत?” मी सहज विचारलं.

“उपवास.”

मी ताटाकडे बघितलं. ह्यांच्याकडे बघितलं. पुन्हा ताटाकडे. दाणे, मिरच्या, दही, तूप, लाडू. डॉक्टरांनी बंद केलेलं निम्मं जग त्या ताटात होतं, आणि आम्ही शिकल्यासवरल्या माणसांनी ते दोन महिने कागदावर धरलंच नव्हतं. पथ्य जेवणाला होतं. उपवासाचं काही आम्ही जेवणात मोजत नव्हतो, डॉक्टरसुद्धा मोजत नव्हते. काखेत कळसा आणि गावाला वळसा! मी एवढी हसले की मला ठसका लागला. ह्यांना समजायला थोडा वेळ लागला. समजल्यावर ते खाली बसले आणि पहिलं वाक्य बोलले, “म्हणजे माशाचा काही दोष नव्हता!”

हसू ओसरल्यावर मात्र पंचाईत कळली. हे सासूबाईंना सांगायचं कसं? माझ्यासाठी बोललेला नवस, आणि त्यांच्याच हातची खिचडी माझं आतडं सुजवत होती.

“तुम्ही सांगा, तुमची आई आहे,” मी म्हणाले.

“माझी सेकंड शिफ्ट आहे,” असं म्हणून हे वेळेआधी तासभर वीजघरात निघून गेले.

मला सांगवेना. त्याऐवजी मी लबाडी केली. शाळेत माझ्या बरोबरीच्या एक बाई होत्या, कर्जतहून येणाऱ्या, कोकणी मुसलमान. त्यांना साबुदाण्याची खिचडी म्हणजे जीव की प्राण. दर सोमवारी मी त्यांना माझा डबा द्यायचा आणि त्यांनी माझ्यासाठी मीठ घातलेला मऊ भात आणायचा, असं ठरलं. मधल्या सुट्टीत कपाटाआड बसून मी उपवास मोडायची आणि त्या खिचडी खात सासूबाईंच्या हाताची तारीफ करायच्या. घरी डबा चाटूनपुसून जायचा. सासूबाई झाकण उघडून आत बघायच्या आणि खूश व्हायच्या.

मंगळवार पांढरा पडला. एकही जादा रेघ नाही. दोनाची दीड झाली, दीडाची एक. सासूबाई क्वार्टर्सभर सांगत फिरल्या, “सोमवार पावला बरं का!” मी मान खाली घालून ऐकायची. माझा डबा आठवड्यागणिक जड होत चालला होता, दोघींना पुरेल एवढी खिचडी त्यात भरलेली असायची. लागू पडली म्हणून जास्त घालत असतील, एवढाच विचार मी केला.

एप्रिलात शाळा सकाळची झाली. एका सोमवारी भर उन्हात घरी आले तर सासूबाई स्वयंपाकघराच्या उंबऱ्याशी भिंतीला टेकून बसलेल्या. ओठ कोरडे, डोळे मिटलेले. मी घाबरून तांब्याभर पाणी आणलं. त्यांनी हाताने दूर सारलं.

“दिवं लागंस्तवर नाय.”

“पाणीसुद्धा नाही? हे कधीपासून, आई?”

“शिमग्यापास्नं.” श्वास घेत घेत त्या बोलल्या. “मला वाचता येत नाय, पन लाल तर दिसतंय ना गं? उपास धरला आन् लाल रेघा वाढल्या. म्हंजे माझाच उपास कच्चा. मंग पानी सोडलं. माझी खिचडीबी तुझ्याच डब्यात घातली. बघ, झालं का नाय बरं? आता एका गोळीसाठी मोडू व्हय?”

सत्तर वर्षांची बाई माझ्या पोटासाठी तहानलेली बसत होती, आणि मी कपाटाआड बसून भात खात होते. मी तिथेच जमिनीवर बसले आणि सगळं सांगून टाकलं. खिचडी, दाणे, मिरच्या, डबा कोण खातं, मी काय खाते. “तुमच्या उपवासाने नाही आई, मी उपवास मोडला म्हणून गोळ्या कमी झाल्या. मी खोटं वागले. पण आता पाणी प्या.”

मला वाटलं, आता ह्या मला घरातून घालवतील.

“सा सोमवार भात खाल्लास?”

“हो.”

“आन् देव काय बोलला नाय?”

“नाही.”

“मंग मला सांगायचं नाय व्हय गं, मास्तरीनबाई? मीबी दोन घोट पानी प्याले आसते की!”

असं म्हणून त्यांनी तांब्या उचलला आणि गटागटा अर्धा रिकामा केला. मला रडू आवरेना. मी त्यांच्या मांडीवर डोकं ठेवून रडले, एकोणीस वर्षांत पहिल्यांदा. त्यांनी ओल्या हाताने माझे केस मागे सारले. “गप. रडून पोट बिघडंल,” म्हणाल्या. मग भर दुपारी उठून त्यांनी भात टाकला आणि आम्ही दोघी एकाच ताटात जेवलो.

शेवटची अर्धी गोळी मेअखेर सुटली. तोंडाची सूज उतरत होती. शाळा उघडायच्या आत नवस फेडायला म्हणून आम्ही एस.टी.ने निघालो, शिळफाट्याला गाडी बदलून त्यांच्या गावी गेलो. देवळात दुसरं कोणी नव्हतं. सासूबाईंनी पिंडीवर पाणी घातलं आणि समोर बसून मोठ्याने हिशेब मांडला.

“म्हादेवा, बोलल्यापरमानं काय झालं नाय. हिनं उपास मोडला, तो मीच मोडायला लावला आसं समज. खिचडी हिच्या मैतरनीनं खाल्ली. ती मुसलमानाची हाय, पन पुन्य लागत आसंल तर तिला लागू दे, गुनाची बाय हाय.”

मला हसू येत होतं आणि डोळेही भरून येत होते. मी हात जोडून नुसती उभी राहिले.

सासूबाई गुडघ्यावर हात टेकून उठल्या, निघता निघता पुन्हा वळल्या.

“आन् हिच्या पोटाचं तुला सांगत नाय मी आता. ते मी बघते. तू फकस्त हिला रोज येळंवर शाळंत पोचव.”