टायटॅनियम घासणारे काका

आमच्या प्रयोगशाळेतले काका तीस वर्षं टायटॅनियम घासत आले. नाण्याएवढे तुकडे पॉलिश कागदावर, पाणी सोडत, लख्ख होईपर्यंत. बोटांचे ठसे इतके झिजले होते की हजेरीचं यंत्र त्यांना ओळखत नसे. “त्याला माणसाची पारख नाही,” असं म्हणून ते वहीत सही करत.

नव्या माणसाला त्यांचा धडा ठरलेला. “हा धातू स्वतः काही मोठा शूर नाही. अंगावर ऑक्साइडचा पापुद्रा आहे, म्हणून आम्लात तग धरतो. ओरखडा पडला तरी क्षणात नवा धरतो. पण गरम आम्लात पापुद्रा विरघळला, की संपलं.”

निवृत्तीला आठ दिवस उरले असताना एका कारखान्याच्या टाकीची चाचणी संपली. दहा दिवस गरम आम्लात राहून तुकडे जसेच्या तसे. टाकी टायटॅनियमची चालेल, असा अहवाल गेलासुद्धा. मग काकांनी भांडं धुवायला घेतलं आणि थबकले. आम्लाला पिवळसर झाक होती. थर्मामीटर ज्या गंजक्या तारेला टांगला होता, तिचं टोक आम्लात उतरून पार खाल्लं गेलं होतं.

“लोखंड उतरलंय,” ते म्हणाले. “त्यानंच पापुद्रा सांभाळला. त्यांच्या टाकीत कुठलं आलंय लोखंड?”

थर्मामीटर टांगायला तिथे एरवी काचेचा आकडा असायचा. तो माझ्या हातून फुटला होता आणि मी गुपचूप कचऱ्यात टाकला होता. आकडा जागेवर नाही म्हणून काकांनी तार लावली होती.

“काका, जाऊ द्या ना,” मी म्हणाले. हो, असंच म्हणाले.

“टाकीशेजारी माणसं उभी असणार गं.”

त्यांनी ताज्या गरम आम्लात तुकडा सोडला. तासाभरात बुडबुडे आले आणि तुकडा काळवंडला. काका तडक साहेबांकडे गेले, मी मागोमाग.

“तार मी लावली. अहवाल चुकलाय. आजच कळवा.”

साहेबांनी त्यांची बिनपाण्यानं केली. “आणि काचेचा आकडा कुठे गेला?”

“फुटला असेल,” काका म्हणाले. माझ्याकडे बघितलंसुद्धा नाही.

बाहेर आल्यावर मला रडूच फुटलं. “तुम्हाला माहीत होतं?”

“तुझ्या टेबलाखालची कचऱ्याची बादली मीच रिकामी करतो. बोट कापलं तेव्हा कळलं,” ते म्हणाले. “माझे आठ दिवस राहिलेत. तुझी वीस-पंचवीस वर्षं.”

साहेबांचं दार अजून उघडंच होतं. मी आत गेले नाही.