राजीनाम्यातली राजी

आमच्या घरात पगार एकच होता, आईचा. आजोबांची मेंढरं केव्हाच विकून झाली होती, वडीलही लवकर गेले. आई लोणी देवकरच्या एका कारखान्यात मशीनवर होती आणि मी बारामतीला बी.कॉम.च्या दुसऱ्या वर्षाला. मशीनमध्ये तिच्या डाव्या हाताची दोन बोटं सापडून तुटली, तेव्हा आता माझं कॉलेज सुटणार, हे आम्ही दोघी न बोलताच धरून चाललो होतो.

व्यापारी कायदा शिकवणाऱ्या आमच्या बाईंना सगळं कॉलेज ‘राजीखुशीबाई’ म्हणायचं. कुठलाही करार वाचताना ‘राजीखुशीने व अक्कलहुशारीने’ हे शब्द आले की बाई थांबायच्या, चष्मा कपाळावर चढवायच्या आणि विचारायच्या, “राजी कोण? आणि खुशी कोणाची?” उत्तर आल्याशिवाय पुढची ओळ नाही. हजेरीला मागच्या बाकावरून कोणी ओरडायचं, “हजर, राजीखुशीनं!” बाई मान वर न करता म्हणायच्या, “खुशी दिसतेय. अक्कलहुशारी परीक्षेत बघू.”

धाकाने, फसवून किंवा गैरसमजातून घेतलेली संमती ही मोकळी संमती नव्हे, हे त्यांनी शिकवलं त्या दिवशी मी तास संपल्यावर थांबले.

“बाई, आईचं काम गेलं. तिनं राजीनामा दिला.”

“स्वतःहून?”

“ती म्हणते, रजानामा दिला.”

आईला सही यायची, वाचता यायचं नाही. हात बरा होईपर्यंत रजा मिळेल, एवढा राजीनामा द्या, असं सुपरवायझर म्हणाला. आईच्या कानाला राजीनामा म्हणजे रजेचाच कागद. पट्टी सुटल्यावर ती कामावर गेली, तर गेटवरूनच परत पाठवलं.

बाई हसल्या नाहीत. म्हणाल्या, “राजीनामा म्हणजे राजी असल्याचा कागद. मग राजी कोण होतं?”

रविवारी एसटीने त्या लोणीला आमच्या घरी आल्या. “मीही लोणीचीच, लोणी भापकरची. दोन्हीकडं लोणी फक्त नावात,” म्हणाल्या. बोटं गेल्यापासून आई पहिल्यांदा हसली. अर्ज मी लिहिला, बाईंनी तपासला. पण कामगार कार्यालयात जायच्या दिवशी आई कचरली.

“बाई, तुमीच बोला. मला न्हाय जमायचं.”

“मी बोलले तर खुशी माझी होईल. तुम्ही राजी होतात की नाही, ते तुम्हीच सांगायचं.”

कार्यालयात कारखान्याच्या माणसाने राजीनाम्याचा कागद पुढे सरकवला. तिथल्या साहेबांनी आईला विचारलं, “सही तुमचीच ना?”

“माझीच हाय.”

बाई मागच्या खुर्चीवर बसल्या होत्या.

“सायेब, हात पट्टीत, घरात शिकणारी पोर. अशी बाई काम सोडायला राजी हुईल व्हय? मला रजा म्हणून सांगितलं. राजी मी न्हवते. खुशी यांची हुती.”

साहेबांनी त्या माणसाला विचारलं, “यांना वाचून दाखवलं होतं?” तो फाइल चाळू लागला. मी मागे पाहिलं. बाईंचा चष्मा कपाळावर होता.

आणखी काही तारखा गेल्या. शेवटी कारखान्याने राजीनामा रद्द धरला आणि आईला पॅकिंगला घेतलं.

बाईंना मी शेवटचं पाहिलं ते पुढच्या वर्षी, बारामतीच्या दवाखान्यात. ऑपरेशनचं संमतीपत्र घेऊन नर्स आली. “करा सही मॅडम, सगळेच करतात.”

बाईंनी कागद माझ्याकडे दिला. “मोठ्यानं वाच.”

मी वाचला. धोक्याची ओळ आली तिथे मी थांबले. “पुढं,” त्या म्हणाल्या. सगळं ऐकून त्यांनी सावकाश सही केली.

“राजी मी आहे,” त्या म्हणाल्या. “खुशी कोणाचीच नाही.”

त्या ऑपरेशनमधून बाई परत आल्या नाहीत.

आई अजून पॅकिंगला आहे. तिच्या पगारावर मी बी.कॉम. झाले, मग कायदा शिकले. आमच्या घरातली पहिली पदवी माझी. आज बारामतीच्या कोर्टात मी वकील आहे.