हातचा एक

समोरच्या गॅलरीत शेजारची मुक्ता गणितं सोडवत बसते. बारावीला आहे. शिकते इंग्रजीतून, पण शेवटी साधी बेरीज आली की तिचे ओठ मराठीत हलतात. ‘सात नि पाच बारा, बाराचे दोन, हातचा एक.’ आणि डाव्या हाताचं एक बोट उभं राहतं.

काल तिची आई कपडे वाळत घालता घालता म्हणाली, “पुण्याला जाऊन नुसतं गणित शिकून करणार काय तू? इथलं कॉलेज हातचं आहे, ते सोडू नकोस.”

मुक्ताचं बोट तसंच उभं होतं.

मला गंमत वाटली. शब्द एकच, आईच्या तोंडी तो राखून ठेवायचा, मुलीच्या बोटावर पुढच्या घरात न्यायचा. आपण बहुतेक जण हातचं जपत बसतो. ते कुठंतरी मिळवायचं होतं, हे विसरूनच जातो. बेरीज कमी भरते, पण ती ताडून बघायला येतो कोण?

आईनं रिकामी बादली उचलली. “ऐकलंस ना?”

“ऐकलं गं. थांब, आधी हातचा मिळवू दे,” मुक्ता म्हणाली आणि तिनं बोट मिटलं.